डोकी किती, जागा किती?

एखादं काम लवकर उरकायचं असेल तर माणसं वाढवावीत, असं आपल्याला सहज वाटतं. मोठा संगणक निवडतानाही पहिला प्रश्न येतो तो हाच : प्रोसेसर किती? खरं तर आधी विचारायला हवं, की कामाची माहिती ठेवायची कुठे?

15 डिसेंबर 1995 रोजी अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशननं ‘अल्टाव्हिस्टा’ ही इंटरनेटवरची शोधसेवा सुरू केली. कोणता शब्द कोणत्या पानावर आहे याची अवाढव्य सूची तिच्याकडे होती. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच. ही सूची सांभाळणाऱ्या अल्फासर्व्हर 8400 यंत्रात 10 प्रोसेसर होते आणि मेमरी होती 6 गिगाबाइट. तेव्हा घरच्या संगणकात 8 किंवा 16 मेगाबाइट असे. मग इतकी मेमरी कशाला?

गणित करून पाहू. हार्ड डिस्कवरची नोंद शोधायला सेकंदाचा साधारण शंभरावा भाग लागतो. मेमरीतली नोंद साधारण एक कोटीव्या भागात मिळते. फरक एक लाख पटींचा! मेमरीला एक सेकंद लागतो असं मानलं, तर डिस्कला सत्तावीस तासांहून जास्त लागतील. तोवर दहाही प्रोसेसर हात जोडून बसणार.

दुसरी अडचण पत्त्याची. मेमरीतल्या प्रत्येक बाइटला क्रमांक लागतो. 32 बिटांत 4,29,49,67,296 क्रमांक लिहिता येतात, म्हणजे 4 गिगाबाइटपुरतेच. अल्फा प्रोसेसर 64 बिटांचा असल्यानं ही अडचण आली नाही.

आता प्रोसेसरकडे वळू. जीन अॅमडाल यांनी 1967 मध्ये दाखवलेला हिशोब असा : कामाचा दहावा भाग एकामागून एकच करावा लागत असेल, तर 10 प्रोसेसर लावूनही वेग जेमतेम सव्वापाच पट होतो. कितीही वाढवले तरी दहापट काही होत नाही. शिवाय सगळे एकाच वाटेनं मेमरीकडे धावले, तर मधल्या सुट्टीत नळावर होते तशी गर्दी होते. म्हणून आजच्या मोठ्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरजवळ त्याची मेमरी असते. शेजाऱ्याची वापरता येते, पण वेळ जास्त लागतो.

वर्गात हे करून पाहता येईल. वीस शब्दांचे अर्थ शोधायचे आहेत. एका मुलीच्या बाकावरच शब्दकोश द्या. दुसरीकडे पाच मुलं, पण त्यांचा शब्दकोश ऑफिसात. प्रत्येक शब्दासाठी तिथं जाऊन यायचं. आधी कोण संपवेल?