फॉरमॅट मारण्याआधी

कॉम्प्युटर साफ करणारा 'क्लीनर' चालवला आणि विंडोज सुरूच होईना, म्हणून भातकुलीहून कॉम्प्युटर अमरावतीला नेणार असाल, तर दुकानात फॉरमॅटला लगेच हो म्हणू नका. असं सॉफ्टवेअर बहुधा विंडोजची रजिस्ट्री बिघडवतं. सातबारा, फोटो, मुलांचे दाखले डिस्कवर तसेच असतात. सॉफ्टवेअरनं विंडोज बिघडवणं नवं नाही: 21 एप्रिल 2010 रोजी मॅकॅफी अँटिव्हायरसच्या अपडेटनं विंडोज एक्सपीचीच एक फाइल व्हायरस ठरवली होती. जगभरचे अनेक कॉम्प्युटर पुन्हापुन्हा रीस्टार्ट होत राहिले.

आधी सेफ मोड, मग सिस्टिम रिस्टोअर. त्यानं तुमच्या फायलींना धक्का लागत नाही. नाहीच जमलं तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करून फायली दुसऱ्या डिस्कवर उतरवा. फायली डिलीटच झाल्या असतील, तर त्या डिस्कवर नवं काहीही टाकू नका. एसएसडी असेल तर आशा कमीच.

डिस्कला विंडोजच्या बिटलॉकरचं कुलूप असेल आणि त्यानं अडवलं तर 48 अंकी रिकव्हरी की लागते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, मोबाइलवरून पाहता येते.

फायली परत मिळाल्यावरही, श्रीलिपी सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले जुने मराठी अर्ज तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीसारखे दिसतात. फाइल खराब झाली समजून ते फेकू नका. आधी तो फॉन्ट टाका.