बाभूळ : खटावच्या कोरड्या रानातील कामाचे झाड

युरोपच्या शेतीत आणि कारागिरीत ओक वृक्षाला जे स्थान होते, तेच स्थान सातारा-सांगलीच्या पूर्वेकडील कोरड्या मुलखात बाभळीला होते. भारतातील देशी ओक हिमालयात व ईशान्येकडे वाढतात, सह्याद्रीत ते नाहीत; परंतु टणक लाकूड, चामडे कमावण्याची साल आणि जनावरांना पोसणारे फळ अशी ओकची जी तीन मोठी देणी, ती तिन्ही वडूज, मायणी, पुसेगाव या पट्ट्यात बाभळीने पुरवली. येरळा नदीच्या काठी वसलेले वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे पर्जन्यछायेत येते, म्हणजे सह्याद्रीने पावसाचे ढग अडवल्यानंतर उरलेल्या तुटपुंज्या पावसावर येथील ज्वारी-बाजरी पिकते, आणि अशा ठिकाणी खोल सोटमूळ असलेले हे झाड ओढ्याकाठी व शेताच्या बांधावर तग धरून राहते.

बाभूळ शेंगवर्गातील असून तिचे शास्त्रीय नाव पूर्वी अकॅशिया निलोटिका होते, ते आता वाचेलिया निलोटिका असे झाले आहे. तिच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र जमिनीत बांधतात. पानांच्या बुडाशी जोडीने येणारे सरळ पांढरे काटे, पावसाळ्यात फुलणारे पिवळे गोंडे आणि प्रत्येक बीजाच्या दोन्ही बाजूंस आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी दिसणारी राखाडी शेंग या तीन खुणांवरून ती ओळखता येते. तिच्या प्रकारांपैकी पसरट माथ्याची तेलिया बाभूळ सर्वत्र दिसते, तर रामकाठीच्या फांद्या खोडालगत उभ्या चढत जात असल्यामुळे तिची सावली पिकावर कमी पडते आणि म्हणून ती बांधासाठी अधिक सोयीची ठरते.

बाभळीची पेरणी बव्हंशी शेरडा-मेंढरांनीच केली आहे. उन्हाळ्यात शेंगा पिकल्या की धनगर लांब काठीला आकडी बांधून त्या पाडतात, जनावरे त्या चघळतात, आणि कठीण कवचाचे बी पोटातून जाताना मऊ पडून लेंड्यांतून रानभर पसरते. त्यामुळे वाड्यातून किंवा मेंढवाड्यातून गोळा केलेले बी अधिक चांगले रुजते. झाडावरून काढलेले बी वापरायचे असेल, तर ते गरम पाण्यात रात्रभर भिजवून पावसाच्या तोंडावर थेट जागेवर टोकतात, कारण सोटमूळ लवकर खोल जाते आणि पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे मूळ वेटोळे होते. रोपाला सावली सोसत नाही, पहिल्या वर्षी गवत हटवावे लागते, आणि सरळ सोट हवा असेल तर बाजूच्या फांद्या वेळेवर छाटाव्या लागतात. मोठे झाड तोडल्यावर बुंध्यातून नवे धुमारे भरवशाने येत नाहीत, त्यामुळे लाकडाचा साठा टिकवायचा असेल तर नवीन बी रुजवत राहणे भाग असते.

सुताराच्या दृष्टीने बाभळीचे मोल तिच्या मध्यकाष्ठात, म्हणजे तांबूस तपकिरी गाभ्यात असते. बाहेरचे पांढरट रसकाष्ठ किडीला लवकर बळी पडते, म्हणून ओंडके पाण्यात बुडवून ठेवून नंतर सावलीत वाळवण्याची रीत होती. नांगराचे रुमणे, कुळवाची दिंड, पाभरीचे फण, खिलारी बैलांच्या मानेवरचे जू ही सारी अवजारे याच लाकडाची होत, आणि लाकूड शेतकऱ्याने द्यायचे, घडण सुताराने बलुत्यावर, म्हणजे सुगीतील धान्याच्या वाट्यावर करायची, असा व्यवहार होता. बैलगाडीच्या चाकात या लाकडाची खरी परीक्षा होई: तुंबा, म्हणजे आस बसणारा मधला भाग, त्यात ठोकलेले आरे आणि घेराचे वाकडे तुकडे जुळवून झाल्यावर गोवऱ्यांच्या आरात लाल केलेली लोखंडी धाव त्यावर चढवून लगेच पाणी ओतत, आणि आकसणाऱ्या धावेच्या दाबाखाली सांधे घट्ट बसत असताना लाकूड चिरले नाही, तरच ते चाक कामाचे.

सालीचे कार्य वेगळे होते. तिच्यातील टॅनिन हे तुरट द्रव्य कातड्यातील प्रथिनांशी बांधले जाऊन कातडे कुजण्यापासून वाचवते. चुन्यात भिजवून केस काढलेले कातडे पिशवीसारखे शिवून टांगायचे, त्यात कुटलेली बाभळीची साल व हिरडा पाण्यासह भरायचा आणि झिरपून खाली आलेले पाणी पुन्हा पुन्हा आत ओतायचे, ही पद्धत पायताणाच्या चामड्यासाठी रूढ झाली. विहिरीतून पाणी उपसणारी मोटही चामड्याचीच असे. अशा रीतीने कमावलेल्या चामड्याच्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर व सोलापूरबरोबर सातारा आणि सांगली हे जिल्हेही आहेत.

बाभळीचे गिऱ्हाईक कमी होण्याची कथा याच परिसरात घडली. खटाव तालुक्यातील औंध हे ज्या संस्थानाचे मुख्य ठाणे, त्या संस्थानाच्या अधिपतींनी कुंडलजवळ दिलेल्या माळावर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. तेथील लोखंडी नांगराने लाकडी नांगर मागे सारला आणि पुढे तेथेच बनू लागलेल्या पंपांनी मोट थांबवली. रबरी टायरने लाकडी चाक संपवले, तर क्रोम क्षार वापरून झटपट कातडी कमावणे शक्य झाल्याने साल मागे पडली. त्यातच विदेशी वेडी बाभूळ, म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, पडीक रानात फोफावली आणि तिच्यावरचा राग नावसाधर्म्यामुळे देशी बाभळीवरही निघू लागला.

आज बाभूळ मुख्यत्वे सरपण, चारा आणि डिंक यांपुरती उरली आहे. तिच्या बिया शेरडे अजूनही पसरवतात, तेव्हा झाडांचा तुटवडा हा खरा प्रश्न नाही. सरळ सोटासाठी पंधरा-वीस वर्षे राखण आणि छाटणी करणारा हात उरलेला नाही, हा प्रश्न आहे. तो हात परत यायचा असेल, तर वनस्पतिजन्य रीतीने कमावलेल्या चामड्याला आणि बांधावरच्या इमारती लाकडाला भाव मिळाला पाहिजे, कारण येथील शेतकऱ्याने बाभूळ आजवर राखली ती भक्तीपोटी नव्हे, गरजेपोटी.