छपराआधी बेअरिंग पाहा

पोर्शे बॉक्स्टरची पहिली पिढी (१९९६–२००४) सेकंडहँड बाजारात फार मोहात पाडते. मोह आवरा आणि आधी इंजिनातल्या इंटरमीजिएट शाफ्टच्या बेअरिंगची चौकशी करा. ते तुटलं तर अख्खं इंजिन जातं. २००० च्या सुमारास आलेलं एकेरी बेअरिंग जास्त दगा देतं. तिथवर पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. म्हणून जाणते मालक क्लचबरोबरच तेही बदलून घेतात. बिल मागाच. ऑइल फिल्टर उघडून धातूचे कण आहेत का, हेही मेकॅनिककडून पाहून घ्या. कापडी छपराच्या पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्याने तुंबतात आणि पाणी सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक युनिटपर्यंत उतरतं. गालिचा हाताने दाबून बघा. ओल लागली, तर सौदा थांबवा.