दोन बोटं डावीकडं

भोरच्या एसटी स्टँडवर उतरून ‘इथं शूटिंग कुठं चालतं हो?’ असं विचारून बघा. पहिला प्रतिप्रश्न येईल, ‘हिरो कोण आहे?’ त्यात त्यांची चूक नाही. राजवाडा, इंगवलीजवळचं ते नेकलेस पॉइंटचं नदीचं वळण आणि भाटघरचं पाणी यांच्यापुढं कॅमेरे इतक्यांदा लागलेत की प्रत्येकाच्या ओळखीत एक तरी माणूस निघतो, जो कधीतरी फेटा बांधून दिवसभर गर्दीत उभा होता आणि पडद्यावर मात्र ज्याचा फेटाच तेवढा दिसला.

माझं शूटिंग छर्‍याचं, दहा मीटरवरचं. खेळाडू म्हणून मी कधीच कुठं पोचलो नाही. पण लक्ष्याचे कागद बदलणं, गुण मोजणं, ‘लोड’, ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’ ओरडणं या कामांत वीसेक वर्षं गेली. या खेळात गोळी मारणारा बोलत नाही. ६० गोळ्या, ७५ मिनिटं, साडेपाच किलोपर्यंतची रायफल आणि समोर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे वर्तमानपत्रातल्या पूर्णविरामाएवढा. बोलतात ते मागं खुर्च्यांवर बसलेले आई-बाप. आणि नेमबाजीवर तर मुळीच नाही. डिझेलचा भाव, खेड-शिवापूरचा टोल, वरंध घाट पावसाळ्यात किती दिवस बंद राहणार, गटार नगरपरिषदेनं काढायचं की घरमालकानं. पुढं दहाचा ठिपका, मागं दहा पक्षांची सभा.

पण माझी शाळा रेंज नव्हती, जत्रा होती.

चैत्रात आमच्याकडं गावोगावी जत्रा. पाळणा, रेवड्या, कुस्त्या आणि फुगे फोडायच्या बंदुकांचा गाडा. आठवी-नववीच्या सुट्ट्यांत मी त्या गाड्यावर फुगे फुगवायला असे. मालकाला सगळे मामा म्हणत. फुगा पूर्ण फुगवायचा नाही, हे पहिलं शिक्षण. तट्ट फुगलेला फुगा छर्रा नुसता घासून गेला तरी फट्‌कन फुटतो. जरा ढिला ठेवला की रबर मागं दबतं आणि मेलेल्या स्प्रिंगच्या बंदुकीतला छर्रा टप्पकन खाली पडतो. गिर्‍हाईक म्हणतं, ‘लागला होता!’ मामा म्हणत, ‘लागला ना? मंग फुटला का न्हाई?’ यावर कुणापाशी उत्तर नसे.

दुसरं शिक्षण बंदुकीचं. तिन्ही बंदुकांच्या पुढच्या माश्या मामांनी पकडीनं थोड्या थोड्या वाकवलेल्या होत्या. पहिली खाली मारायची, दुसरी वर, तिसरी उजवीकडं. परगावचा पाहुणा बायकोसमोर बाही वर करून यायचा आणि दहाच्या दहा छर्रे फळीत घालवून जायचा. गावातली पोरं मात्र सरळ तिसरी मागायची आणि फुग्याच्या दोन बोटं डावीकडं नेम धरायची. फुगा फुटायचा. मामा हसून घ्यायचे, कारण गावच्या पोरांवर त्यांचा धंदा चालतच नव्हता. ‘बंदूक वाकडी आहे’ अशी तक्रार एकाही पोरानं केल्याचं मला आठवत नाही. वाकडेपणा किती आणि कुठल्या बाजूला, हे ठाऊक असणं हीच तर गावकी होती.

एका वर्षी एक निवृत्त फौजी आला. दहा छर्‍यांचे पैसे टाकले. पहिला छर्रा त्यानं फुग्यावर मारलाच नाही, फळीवरच्या एका खिळ्यावर मारला. वाकून बघितलं, छर्रा कुठं बसलाय. मग पुढचे नऊ छर्रे, नऊ फुगे. मामांनी गपचूप प्लॅस्टिकची साबणदाणी काढून दिली, वर चहा सांगितला आणि म्हणाले, ‘साहेब, आता बसा. लोक बघाय लागले.’ फौजी बसला. चहा पिऊन झाल्यावर बंदुकीकडं बघत एवढंच म्हणाला, ‘मिनिटाचं काम आहे, सरळ करून देऊ का?’ मामांचा चेहरा मी अजून विसरलेलो नाही.

रेंजवर आल्यावर कळलं की त्या खिळ्यावरच्या गोळीला इथं रीतसर नाव आहे, ‘सायटर’. सामन्याआधी पंधरा मिनिटं हव्या तितक्या गोळ्या मारा, कुठं बसतात बघा, साइटचा खटका एक-एक फिरवून घ्या. त्याचे गुण धरत नाहीत. जत्रेत त्याचे पैसे पडायचे. रस्त्यावर तर त्याची सोयच नाही. चेलाडी फाट्यावरून नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याला पहिल्यांदा निघालेला पुण्याचा गाडीवाला पाहिलाय ना? पाव्हण्यांची चाकं नेमकी खड्ड्यात. मागून वडापवाला येतो. ट्रॅक्समध्ये चौदा माणसं, टपावर दुधाचे रिकामे कॅन, एका हातानं चुना मळतोय आणि डावं-उजवं करत असा निघून जातो की आतल्या म्हातारीची डुलकीसुद्धा मोडत नाही. तो खड्डा ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा की बांधकाम खात्याचा, यावर तो तुम्हाला विंझरपर्यंत पुरेल एवढं बोलेल. पण त्याच्या हातांचा निकाल केव्हाच लागलेला असतो.

बंदुकीचं आणि निवडणुकीचं आमच्याकडं जुनं नातं आहे. डोंगराकडेच्या गावांत काही घरांत पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते. बहुतेक एकनळी, काहींकडं आजोबांच्या वेळची ठासणीची. भात पोटरीला आलं की रानडुकरांचा कळप एका रात्रीत खाचर नांगरल्यासारखं करून जातो. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळं बंदुकीचं मुख्य काम आवाज करणं. आता निवडणूक जाहीर झाली की आचारसंहिता, आणि आचारसंहिता आली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा. हल्ली कुणाची जमा करून घ्यायची ते छाननी समिती ठरवते, पूर्वी सरसकट निरोप यायचा. आमच्या नात्यातले एक आजोबा गोणपाटात गुंडाळलेली बंदूक लुनाच्या पायात आडवी टाकून निघाले. वाटेत जो भेटेल तो विचारी, ‘आजोबा, फावडं का?’ हे म्हणत, ‘व्हय.’ ठाण्यात पावती घेता घेता त्यांनी ठाणे अंमलदाराला विचारलं, ‘साहेब, डुकरांना लागू झाली का आचारसंहिता?’

अंमलदारानं मान वर न करता उत्तर दिलं, ‘त्यांचं मतदारयादीत नाव नाही.’

हा किस्सा मी रेंजवर सांगितला की सगळ्यात मोठ्यानं हसतात ते .२२ची परवानाधारक रायफल असलेले. कारण राष्ट्रीय रायफल संघटनेचे सदस्य असलेल्या, स्पर्धांत उतरणार्‍या खेळाडूंना या जमा करण्यातून सूट आहे. कागदाच्या लक्ष्यावर मारणार्‍याची बंदूक घरी, डुकरांपासून भात राखणार्‍याची ठाण्यात. नियमामागं कारण आहे, मला ते पटतंही. तरी आजोबांनी त्या मोसमात रात्र रात्र पत्र्याचा डबा वाजवून खाचर राखलं, हेही मी हसणार्‍यांना सांगतो.

दहा मीटरच्या एअर रायफलला मात्र परवानाच लागत नाही. ४.५ मिलिमीटरपर्यंतचा छर्रा आणि नळीतून सुटताना २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा, तर २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सूट. हे आम्हाला पाठ आहे. रात्री नऊ वाजता नाकाबंदीवर उभ्या असलेल्या माणसाला ते पाठ असावं, ही अपेक्षा जरा जास्तच. एकदा बालेवाडीहून तिघा पोरांना घेऊन आम्ही प्रशिक्षकांच्या जुन्या मारुतीतून परतत होतो. एका ठिकाणी गाडी बाजूला घ्यायला लावली. डिकीत लांबच लांब तीन पेट्या. हवालदारांनी एक उघडली आणि दोन पावलं मागं सरकले. प्रशिक्षकांनी ओळखपत्रं काढली, स्पर्धेचं पत्र काढलं, नियमाची झेरॉक्स काढली. पोरांनी ते कॅनव्हास आणि चामड्याचं कडक जॅकेट दाखवलं, एकानं घालूनही दाखवलं. ते घातलं की माणूस बदकासारखा चालतो. हवालदार हसले. रायफल हातात घेऊन बघितली. ‘केवढ्याला?’ आकडा ऐकून म्हणाले, ‘यात माझी बुलेट आली असती.’

सगळं सुरळीत झालं. पेट्या बंद केल्या, गाडीत बसलो. तेवढ्यात त्यांनी सहज विचारलं, ‘पीयूसी?’

पीयूसी संपून दोन महिने झाले होते. रायफल सुटली, गाडी अडकली. पावती फाडताना हवालदार प्रशिक्षकांना म्हणाले, ‘सर, नेम एवढा बारीक धरता, मग कागदाची तारीख कशी चुकते?’ पुढं कित्येक महिने कुणी आठ मारला की पोरं एकमेकांना विचारायची, ‘पीयूसी काढली का?’

१ ऑगस्ट २०२४ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर ब्राँझ घेतलं. कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातला, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस असलेला, बालेवाडीत घाम गाळलेला पोरगा. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या आठवड्यात आमचा फोन तापला. ‘किती दिवसांत पदक?’ हा प्रश्न शहरातून यायचा. आपल्या भागातल्या बापांचे प्रश्न निराळे. ‘शेवटची एसटी किती वाजता सापडंल?’ ‘गाडी आणली तर लावायची कुठं?’ एकानं तर विचारलं, ‘अर्जावर तालुका वेल्हे लिहायचा का राजगड?’ २०२४च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळानं राजगड या नावाला मंजुरी दिली होती. मी म्हटलं, राजगड लिहा. ते म्हणाले, ‘लिहितो. पण पत्र वेल्ह्यालाच टाका, न्हाईतर पोचायचं न्हाई.’

त्यांचीच मुलगी पुढं रेंजवर आली. पंधरा वर्षांची, अंगानं बारीक, पण रायफल खांद्याला लावली की खांबासारखी स्थिर. पहिल्याच दिवशी तिनं दहा छर्रे मारले आणि मी कागद काढून बघतच राहिलो. दहाही एका चवलीएवढ्या जागेत. पण मध्ये नव्हे, सगळेच्या सगळे डावीकडं, घड्याळात नऊचा आकडा असतो तिथं. प्रशिक्षकांनी साइट तपासली, स्वतः मारून बघितली. सरळ दहा. पुन्हा तिच्या हातात दिली. पुन्हा डावीकडं.

मी हळूच विचारलं, ‘आधी कुठं मारलीस बंदूक?’

‘मेंगाईच्या जत्रंत.’

‘तिसरी?’

तिनं चमकून माझ्याकडं बघितलं. मामा जाऊन कैक वर्षं झालीत, गाडा त्यांचा पुतण्या चालवतो. बंदुका त्याच.

प्रशिक्षक म्हणाले, ‘बाळ, ही रायफल सरळ आहे. सरळच नेम धर.’ तिला ते पटेना. ‘सरळ धरला तर लागंल कसा, सर?’ तो प्रश्न सोडवायला आम्हाला चार महिने लागले. साइट चार खटके फिरवून टाकली असती तर त्याच दिवशी दहा बसले असते, आणि मी तसं सुचवलंही होतं. प्रशिक्षकांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा कागद बदलायला गेलो.

परवा तिच्या वडिलांच्या, म्हणजे भाऊंच्या, जीपमधून वेल्ह्याकडं गेलो. मार्गासनीच्या पुढं नवं डांबर पडलंय. काळंभोर, गुळगुळीत, पांढरा पट्टासुद्धा मारलेला. भाऊ ग्रामपंचायतीला शिव्या घालत मजेत गाडी हाकत होते आणि एके ठिकाणी त्यांनी एकदम स्टिअरिंग उजवीकडं घेतलं. पुढून येणारा दूधवाला ब्रेक मारून थांबला. मी डांबरावर बघितलं, काहीच नव्हतं.

‘काय झालं?’

‘खड्डा हाय तिथं,’ भाऊ म्हणाले, आणि गिअर बदलला.