पाण्याला खत मिळते तेव्हा

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढे पाणी आभाळातून येत असताना तेथे पाण्याची चिंता कशाला, असे विचारणारे आम्हाला बाजारात नेहमी भेटतात. आम्हीही तेच म्हणत होतो. मग एका हॉटेलला आम्ही पांढऱ्या चादरी व टॉवेल दिले आणि पुढच्या उन्हाळ्यात तक्रार आली की माल हिरवट पडला, वास मारतो. आमचे पैसे कापले गेले. चौकशी केली तेव्हा कळले की धुलाईचे पाणी ओढ्यालगतच्या उघड्या खड्ड्यातले होते आणि त्यात शेवाळ माजले होते. कापड निर्दोष होते, पण कापलेले पैसे काही परत आले नाहीत.

शेवाळ का माजते? शेतात भात ज्या कारणाने माजतो, त्याच कारणाने. पाण्यातल्या वनस्पतीलाही नत्र आणि स्फुरद लागते. डोंगरातून आलेल्या गोड्या पाण्यात स्फुरद फार थोडे असते, म्हणून शेवाळ आवरात राहते. बाहेरून स्फुरद मिळाले की लगाम सुटतो. कॅनडात शास्त्रज्ञांनी १९७३ साली एका तलावाच्या मध्ये पडदा टाकून दोन भाग केले. दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातले, एकातच स्फुरदही घातले. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा होता तसाच राहिला. वाद तेथेच मिटला. (खाडीत व समुद्रात मात्र बहुतेक वेळा नत्राचा हिशेब जास्त महत्त्वाचा ठरतो.)

आता व्यापाऱ्याच्या वहीप्रमाणे हिशेब मांडू. १ किलो स्फुरदावर वाढलेल्या शेवाळात सुमारे ४० किलो कार्बन असतो. हे शेवाळ मरून कुजते तेव्हा पाण्यात विरघळलेला सुमारे १४० किलो प्राणवायू खाते. स्वच्छ पाण्याच्या १००० लिटरमध्ये प्राणवायू असतो जेमतेम ८ ग्रॅम. म्हणजे १ किलो स्फुरद पावणेदोन कोटी लिटर पाण्याचा प्राणवायू संपवू शकते. १०,००० लिटरचे १७५० टँकर! हा कागदावरचा हिशेब आहे. वाहत्या पाण्यात हवा मिसळत राहते म्हणून नुकसान कमी होते, पण साचलेल्या पाण्यात तो बराचसा खरा ठरतो. मासे मरतात ते यामुळेच.

हे १ किलो येते कोठून? माणसाच्या मलमूत्रातून रोज एक ते दीड ग्रॅम स्फुरद जाते. पावसाळ्यातल्या एका रविवारी हजार पाहुणे आले की किलोभर झाले, आणि भुशी धरणावर रविवारी किती गर्दी असते ते आम्ही सांगायला नको. शिवाय कपड्याची पावडर, भाताच्या खाचरातून वाहून गेलेले खत, गोठ्याचे शेण आणि आपल्या मटणाच्या दुकानांतून व खानावळींतून गटारात जाणारे रक्त व खरकटे. कापडवाल्यांनी तर कानावर हात ठेवूच नयेत. रंगखान्यात पाणी मऊ करायला फॉस्फेट आणि छपाईच्या लगद्यात युरिया आपण वर्षानुवर्षे वापरत आलो. सांडपाणी शुद्धीकरणाचे साधे केंद्र घाण कमी करते, पण त्यातून बाहेर पडलेल्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातही स्फुरद बरेचसे शिल्लक असते. ते काढायला वेगळी प्रक्रिया लागते.

लहानपणी मक्तबात आपण शिकलो की पाण्याचे तीन गुण पाहावेत: रंग, बू आणि मजा. नजासतीने यांतला एक जरी बदलला तर ते पाणी वुजूला चालत नाही. त्याच मसल्यात असेही आहे की पाण्यात आपोआप उगवलेल्या शेवाळाने रंग बदलला तर पाणी पाकच राहते. मसला आपल्या जागी बरोबर आहे. पण स्फुरद इतक्या थोड्या प्रमाणात असते की त्याला ना रंग, ना बू, ना मजा. डोळ्याला, नाकाला आणि जिभेला ते सापडत नाही. एक साधी युक्ती आहे. पांढऱ्या काचेच्या बाटलीत ओढ्याचे पाणी भरून आठ-दहा दिवस उन्हात ठेवावे. लवकर हिरवे झाले तर त्यात शेवाळाचा खुराक आहे असे समजावे. प्रयोगशाळेची बरोबरी याने होत नाही, पण पैसाही लागत नाही.

लोणावळ्याचे पाणी दोन्हीकडे जाते. टाटांच्या वळवण, शिरवता या तलावांचे पाणी १९१५ साली सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजघरात उतरते, तेथून पाताळगंगेने धरमतरच्या खाडीला मिळते. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेला कामशेत, देहू, आळंदी करीत तुळापूरला भीमेला मिळते आणि पुढे उजनीच्या जलाशयात जाते. उन्हाळ्यात इंद्रायणीवर व पवनेवर जलपर्णीचा गालिचा पसरतो तो याच खताच्या जोरावर. आळंदीला दिसणारा पांढरा फेस मात्र वेगळा आहे. तो साबणातल्या फेसकाऱ्या रसायनांचा आणि कारखान्यांच्या सांडपाण्याचा. दोन्ही गोष्टी लोक एकच समजतात. जलपर्णी काढून काठावरच टाकली तर ती तेथे कुजून सारे खत पुन्हा नदीत जाते, म्हणून ती दूर नेऊन कंपोस्ट करावी लागते.

ज्यांचे लॉज, खानावळ किंवा धुलाईचे काम आहे त्यांनी प्रथम शौचटाकी पाहावी. टाकी वेळेवर उपसली जाते का, आणि उपसलेला मैला टँकरवाला कोठे ओततो? रात्री ओढ्यात ओतणारा स्वस्त पडतो, ते आम्हाला ठाऊक आहे. दुकानाचे रक्त व आतडी गटारात न सोडता वेगळी ठेवावीत. रंगाचे काम करणाऱ्यांनी फॉस्फेट नसलेले पाणी मऊ करणारे द्रव्य मागावे, ते मिळते. भाव थोडा जास्त आहे, पण लागते कमी. पूर्ण घाण्याचा खर्च काढून मगच महाग की स्वस्त ते ठरवावे.