आधी मसुदा, मग कमिट

ज्युनिपर नेटवर्क्सचा एम४० राउटर १९९८ मध्ये बाजारात आला, तेव्हा बोलबाला झाला तो त्याच्या वेगाचा. मला मात्र त्यावर चालणारी जुनोस ही प्रणाली जास्त मोलाची वाटते. राउटरचं कॉन्फिग हा शेवटी लेखी मजकूर आहे आणि मजकुराला मसुदा लागतो, हे जुनोसने मनापासून मानलं.

सिस्कोच्या आयओएसमध्ये परंपरेने ओळ टाइप करून एंटर दाबलं की ती लागलीच लागू होते. दूरच्या गावातल्या राउटरचा पत्ता बदलताना ओळींचा क्रम चुकला, तर तिथवर पोचायची आपलीच वाट बंद होते. जुनोसमध्ये प्रत्येक बदल आधी मसुद्यात जातो. ‘कमिट’ म्हणेपर्यंत चालू वाहतुकीला धक्का लागत नाही.

त्यामुळे एका राउटरवरचा मजकूर दुसऱ्यावर निर्धास्तपणे नेता येतो. ‘शो | डिस्प्ले सेट’ म्हटलं की महिरपी कंसांची उतरंड सुटते आणि प्रत्येक नोंद स्वतंत्र आदेश होऊन समोर येते. नावं, पत्ते बदलायचे, दुसरीकडे ‘लोड सेट टर्मिनल’ द्यायचं, पेस्ट करायचं आणि कंट्रोल-डी दाबायचं. कंसांसकटचा तुकडा असेल तर ‘लोड मर्ज’. पण मर्ज स्वतःहून काही काढत नाही. नव्या डीएनएस सर्व्हरचा पत्ता चढवला तरी जुना तिथेच राहतो. उलट ‘लोड ओव्हरराइड’ला छोटा तुकडा दिला, तर बाकीचं सगळं मसुद्यातून जातं. या दोन आदेशांतला फरक नवशिक्याला पहिल्याच दिवशी शिकवायला हवा.

सगळ्यात देखणी सोय ‘शो | कम्पेअर’ची. काय वाढलं, काय गेलं, हे अधिक-उण्याच्या खुणांनी दिसतं. तोच फरक जपून ठेवून, सारखंच कॉन्फिग असलेल्या दुसऱ्या राउटरवर ‘लोड पॅच’ने चढवता येतो. सहकाऱ्याला तपासायला द्यायलाही तोच कामाचा.

आणि जोखीम मोठी असेल तेव्हा ‘कमिट कन्फर्म्ड’. बदल लागू होतो, पण दहा मिनिटांत पुन्हा कमिट केलं नाही, तर राउटर आपणहून आधीच्या कॉन्फिगवर परततो. संपर्क तुटलेल्या माणसाला यापेक्षा मोठा आधार नाही.

बहुतेक राउटरांवर चालू कॉन्फिगसह ५० आवृत्त्या जपल्या जातात, शून्यापासून ४९ पर्यंत. ‘रोलबॅक’ने त्यांतली हवी ती परत आणता येते, तीही मसुद्यातच. कमिटआधी कम्पेअर करून बघायची मुभा तिथेही असते.