आजीचा गुडघा, शर्यतीचा घोडा आणि दोन खडू



‘आपली हाडे’ शिकवताना मी दोन खडू एकमेकांवर घासून दाखवते. पांढरी भुकटी पडते. मग मध्ये व्हॅसलिन लावलेला फुग्याचा तुकडा धरते. खडू मस्त सरकतात! फुगा म्हणजे हाडाच्या टोकावरची कूर्चा, व्हॅसलिन म्हणजे सांध्यातलं वंगण.

यंदा एकाने विचारलं, "मॅडम, आजीच्या गुडघ्यात जेलचं इंजेक्शन देणारेत. मग नवा फुगा येईल?"

प्रश्न साधा नाही. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती झिजली की स्वतःहून नीट भरून येत नाही. वंगणाला घट्टपणा देतं ते हायलुरॉनिक आम्ल. 1934 मध्ये कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी ते गुरांच्या डोळ्यातल्या द्रवातून वेगळं केलं. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातूनही काढू लागले (हो, तुऱ्यातूनच!). 1970 च्या सुमारास शर्यतीच्या घोड्यांच्या दुखऱ्या सांध्यांत ते टोचून पाहिलं गेलं. अमेरिकेत माणसाच्या गुडघ्यासाठी परवानगी मिळाली 1997 मध्ये. आता घोड्यांसाठी साडेसत्त्याण्णव टक्के पाणी असलेलं पॉलिॲक्रिलामाइडचं जेलही वापरतात.

प्रयोगशाळेत बहुतेकदा ससे आणि उंदीर असतात. सशाच्या गुडघ्यातला एक अस्थिबंध कापतात, काही आठवड्यांत सांधा झिजू लागतो, मग जेल देऊन फरक बघतात. पण सशाची कूर्चा अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ, आपली दोन-अडीच मिलिमीटर. शिवाय तो ससा तरुण, त्याची दुखापत कालची. आजीची झीज तीस वर्षांची. म्हणून ‘सशांवर यशस्वी’ अशी बातमी आली की मी लगेच आईला फोन करत नाही. घोडा जरा जवळचा, कारण त्याचे सांधे धावून धावून खरोखरच झिजतात.

आणखी एक गंमत. जनावर काही "बरं वाटतंय" म्हणत नाही, पण मालकाला मात्र तसं वाटतं! म्हणून चांगल्या अभ्यासात पाय जमिनीवर किती भार देतो ते यंत्राने मोजतात.

माणसांत हायलुरॉनिक आम्लाने काहींचं दुखणं काही महिने कमी होतं. पण फायदा सरासरीने थोडाच दिसतो, म्हणून अमेरिकेतली अस्थिशल्यचिकित्सकांची संघटना ते सरसकट द्या असं सांगत नाही. व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं हे आधी. आजीच्या डॉक्टरांना "याने दुखणं थांबेल की झीज?" हे विचारायला हरकत नाही.

मुलाला मी एवढंच म्हटलं, "व्हॅसलिन नवं मिळेल रे, फुगा जुनाच."

तो म्हणाला, "मग आजीला जिने कमी चढायला सांगतो."